जुनी गाडी, वळणावर लागणारा ब्रेकचा लाल दिवा. चालवू का उभी करू?

नवखाचालक
नमस्कार मंडळी. चार महिन्यांपूर्वी सेकंडहँड गाडी घेतली. १३ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, माझ्या आधी दोन मालक झालेत. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे. गाडी तशी झकास चालते पण गेला महिनाभर मीटरवर लाल दिवा लागतो, गोल आणि त्यात उद्गारचिन्ह, दोन्ही बाजूंना कंसासारख्या रेघा. सुरुवातीला फक्त डावीकडे वळलो की दोन-तीन सेकंद लागायचा आणि विझायचा. मग उतारावर लागायला लागला. आता जोरात ब्रेक मारला तरी लागतो. चढावर मात्र कधीच नाही.
ब्रेक एकदम व्यवस्थित लागतात, पेडल कडक आहे, गाडी कुठल्या बाजूला ओढत नाही. आधीच्या मालकाला फोन केला तर म्हणाला "सेन्सर आहे हो, जुन्या गाड्यांत लागतोच, दुर्लक्ष करा." जवळच्या मेकॅनिकने गाडी न बघता फोनवरच एबीएसचं युनिट गेलंय म्हणून सांगितलं. एक म्हणतो काही नाही, दुसरा म्हणतो सगळंच बदला. मी काय करू?

मागचं_सीट
हँडब्रेक पूर्ण खाली आहे ना? चिडू नका, विचारावं लागतं. आमच्या घरात हा दिवा दोन दिवस गंभीर चर्चेचा विषय होता आणि शेवटी हँडब्रेक एक खाच वर निघाला.

नवखाचालक
@मागचं_सीट, नाही चिडलो :) हँडब्रेक तपासला, पूर्ण खाली आहे. आणि तसं असतं तर चढावर पण लागला असता ना?

मागचं_सीट
बरोबर. मग मी मागच्या सीटवर जाऊन बसते, जाणकार येतीलच.

अर्धाक्लच
माझ्या गाडीत पण सेम! मागच्या चाकाचा एबीएस सेन्सर गेला होता, वायर आतून तुटलेली. सेन्सर बदलला, दिवा गायब. तुमचं पण तेच असणार.

पाना_पेचकस
@अर्धाक्लच, तुमचा दिवा पिवळा होता का लाल? पिवळा आणि त्यात एबीएस अशी अक्षरं असणार. हा वेगळा आहे.
धागाकर्ते, घाई करू नका, आधी दिवे समजून घेऊ. पिवळा एबीएसचा दिवा एकटाच लागला तर साधे ब्रेक चालू असतात, फक्त जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ नये म्हणून जी यंत्रणा आहे ती रजेवर गेलेली असते. लाल दिवा मूळ ब्रेकबद्दल बोलतो. बहुतेक जुन्या गाड्यांत त्याला दोनच कारणं जोडलेली असतात, एक हँडब्रेकचा स्विच आणि दुसरा ब्रेक ऑइलच्या टाकीतला फ्लोट, म्हणजे ऑइलवर तरंगणारा तुकडा, पातळी खाली गेली की दिवा लावणारा. आणि लाल पिवळा दोन्ही एकदम लागून तसेच राहिले तर मात्र पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकची ताकद वाटून देणारी ईबीडी पण बंद पडलेली असू शकते, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते. तसं झालं तर गाडी उभी करून उचलूनच न्यायची.
तुमच्या वर्णनातच अर्धं उत्तर आहे. डावीकडे वळलं की टाकीतलं ऑइल उजवीकडे सरकतं, उतारावर आणि ब्रेक मारल्यावर पुढे सरकतं. चढावर मागे जातं आणि फ्लोट जिथे आहे तिथे पुरेसं राहतं. म्हणजे पातळी बरोबर काठावर आलीये. सेन्सर बिघडला असता तर त्याला डावं-उजवं, चढ-उतार कळलं नसतं.
आता सांगा:
बॉनेट उघडून टाकीवर मिन आणि मॅक्सच्या रेघा दिसतील, ऑइल कुठे आहे?
पुढचे ब्रेक पॅड (डिस्कवर दाबले जाऊन झिजणारे तुकडे) किती राहिलेत?
गाडी घेतल्यापासून कुणी त्यात ऑइल टाकलंय का?

जुगाडू
एवढा कीस कशाला पाडताय. टाकीच्या झाकणाला दोन वायरचं कनेक्टर असतं, ते ओढून काढा. दिवा बंद. माझ्या गाडीत दोन वर्षं झाली, काही प्रॉब्लेम नाही.

तेलकट_हात
@जुगाडू, वा! धूर दिसला तर डोळे मिटायचे, आग विझते.

खडखडाट
जुगाडूंचा गाडी नंबर कुणीतरी सांगा, मी त्यांच्या पुढे गाडी चालवणार नाही. मागेच राहीन. चांगलाच मागे.

पाना_पेचकस
तरी पण एक सांगतो, कनेक्टर काढून बघणं ही तपासणी म्हणून चांगली आहे. बहुतेक गाड्यांत ऑइल कमी झालं की तो स्विच जोडला जातो आणि दिवा लागतो. त्यामुळे दिवा लागलेला असताना कनेक्टर काढला आणि दिवा विझला, तर तक्रार टाकीकडून आहे. नाही विझला तर हँडब्रेकच्या बाजूला बघायचं. काही गाड्यांत उलटं असतं, कनेक्टर काढलं की दिवा लागतो, तेव्हा आधी आपल्या गाडीचं पुस्तक बघा. आणि तपासून झालं की परत लावायचं, दोन वर्षं तसंच सोडायचं नाही.

जुगाडू
ठीक आहे ठीक आहे. म्हणजे निदान अर्धं तरी बरोबर होतो मी.

दुसरा_गिअर
हँडब्रेकच्या स्विचवरून माझं सांगतो, धागाकर्त्यांचं ते नसलं तरी कुणाला उपयोगी पडेल. लिव्हरच्या बुडाशी छोटं बटण असतं, लिव्हर खाली आला की दाबलं जातं. माझ्या गाडीत लिव्हरच्या कव्हरमध्ये वर्षानुवर्षांचा कचरा, वाळू, एक नाणं आणि पोराच्या खेळण्यातल्या गाडीचं चाक सापडलं. बटण दाबलंच जात नव्हतं. रस्ता खडबडीत असला की दिवा लुकलुकायचा, सपाट रस्त्यावर गप्प. ओळखायची सोपी खूण म्हणजे दिवा लागला असताना लिव्हर हाताने जरा खाली दाबायचा, विझला तर तेच.
त्याआधी मी दोन मेकॅनिक आणि एक मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइलवर दाब तयार करतो तो) बदलून बसलो होतो. काखेत कळसा.

शंकासुर
मला एक समजत नाही. ब्रेक ऑइल ही बंद सिस्टीम आहे ना? पेट्रोलसारखं जळत तर नाही. मग कमी होईलच कसं? कमी झालं म्हणजे गळतीच असणार.

चाक_शास्त्री
@शंकासुर, नाही. पॅड झिजले की कॅलिपरमधला (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातला) पिस्टन तितका बाहेर येऊन राहतो, त्याच्या मागे जी जागा झाली ती भरायला टाकीतलं ऑइल खाली उतरतं. पॅडवाल्या सगळ्या चाकांचं मिळून टाकीतली पातळी बरीच खाली येते. गळती नसताना. म्हणून दिवा लागला की पहिल्यांदा पॅड बघायचे, बाटली नंतर उघडायची.

रिव्हर्स_गिअर
पण थोडं ऑइल टाकलं तर बिघडतं काय? मी तर दर दोन-तीन महिन्यांनी मॅक्सपर्यंत भरून टाकतो, मनाला बरं वाटतं.

तेलकट_हात
बिघडतं! पॅड झिजलेले असताना तुम्ही मॅक्सपर्यंत भरलं. मग नवीन पॅड टाकायला आलात की आम्ही पिस्टन आत ढकलतो, ते सगळं ऑइल परत टाकीत येतं आणि झाकणाच्या कडेने बाहेर. ब्रेक ऑइल रंगाला लागलं की रंग फुगून सोलून निघतो. मग गिऱ्हाईक आमच्यावर ओरडतं की बॉनेटखाली रंग कुणी घालवला. हे एवढ्या वेळा झालंय की आता मी पिस्टन दाबायच्या आधी टाकीतलं ऑइल पिचकारीने काढून घेतो.
आणि दर दोन-तीन महिन्यांनी भरावं लागतंय म्हणजे रिव्हर्सराव, तुमच्या गाडीत पण काहीतरी आहे. पॅड इतक्या वेगाने झिजत नाहीत.

रिव्हर्स_गिअर
आता मला पण टेन्शन दिलंत.

शंकासुर
तेलकट_हात, पण पातळी मिनच्या खाली जाऊन सिस्टीममध्ये हवा शिरण्यापेक्षा थोडं टाकलेलं बरं नाही का? तुम्ही लोक टाकूच नका म्हणता आणि नवखा माणूस रिकाम्या टाकीने गाडी चालवतो.

तेलकट_हात
टाकूच नका म्हणालो नाही. शोधल्याशिवाय टाकू नका म्हणालो. मिनच्या खाली असेल तर मिनच्या थोडं वर येईल एवढं टाका, रेघेवर मार्करने खूण करा, तारीख लिहा आणि रोज बघा. ती खूण दहा दिवसांत सोडली तर गळती. आम्ही पण असंच करतो.

शंकासुर
हे पटलं.

खडखडाट
वेगळाच किस्सा सांगतो, कारण मला कुणी सांगितला असता तर माझे दोन रविवार वाचले असते. जुनी जपानी बनावटीची गाडी. ब्रेकचा लाल दिवा मंद लागायचा, म्हणजे नीट पेटलेला नाही, विझलेला पण नाही, जणू विचार करतोय. त्याच्या शेजारी बॅटरीचा दिवा पण तसाच मंद. ब्रेक ऑइल फुल्ल, पॅड जाड, हँडब्रेक खाली. ब्रेकची सगळी वायरिंग तपासली. शेवटी एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनने बॉनेट न उघडताच सांगितलं, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेलाय.
त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत ब्रेकच्या दिव्याची वायर चार्जिंगच्या सर्किटमधून फिरवलेली असते, म्हणजे चावी फिरवल्यावर सगळे दिवे एकदा पेटून बल्ब ठीक आहेत हे कळावं. अल्टरनेटरमधला डायोड गेला की दोन्ही दिवे एकदम मंद लागतात. रोग एकीकडे आणि बोंब दुसरीकडे. त्यामुळे ब्रेक आणि बॅटरी दोन्ही दिवे जोडीने दिसले तर आधी इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज मोजा. साधारण साडेतेरा ते साडेचौदा यायला पाहिजे.

अर्धाक्लच
हे माहीतच नव्हतं! बाय द वे पाना_पेचकस, माझा दिवा पिवळाच होता. चुकलो.

नवखाचालक
एवढे प्रतिसाद! धन्यवाद. आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो.
ऑइल मिनच्या रेघेवर आहे, किंचित खालीच म्हणा.
पॅड नवे आहेत. विकणाऱ्याने विकायच्या आधी पुढचे पॅड बदललेत, बिल दिलंय, चाकाच्या फटीतून बघितलं तर जाड दिसतात.
आणि हो, एक सांगायचं राहिलं, रागावू नका. दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा पेट्रोल पंपाशेजारच्या दुकानातून बाटली आणून थोडं ऑइल टाकलं होतं. तीन आठवडे दिवा गेला होता. मग परत आला.

तेलकट_हात
हे आधी सांगायचं असतं हो!!!

मागचं_सीट
डॉक्टर, मला काही होत नाहीये. हां, परवा जिन्यावरून पडलो होतो तेवढं.

पाना_पेचकस
झालं. आता प्रश्न बदलला. पॅड नवे आहेत म्हणजे झिजेचं कारण बाद. तीन आठवड्यांत परत खाली गेलं म्हणजे ऑइल कुठेतरी बाहेर जातंय. ब्रेक छान लागतात यावर विश्वास ठेवू नका. टाकी आतून पडद्याने विभागलेली असते, पुढच्या-मागच्या किंवा तिरक्या जोडीच्या चाकांना दोन वेगळी सर्किट असतात, त्यामुळे एक गेलं तरी दुसरं थोडं थांबवतं. पण पेडल खोल जातं, थांबायचं अंतर वाढतं आणि ते नेमकं हवं तेव्हाच कळतं.
कारण सापडेपर्यंत लांब जाऊ नका. गॅरेजपर्यंत हळू, आणि त्या आधी पेडल तपासून.
कुठे बघायचं ते सांगतो. चारही चाकांच्या आतल्या बाजूने टायरवर ओला ओघळ आहे का. पुढच्या रबरी होजला चिरा आहेत का. गाडीखालून जाणारे लोखंडी पाइप गंजून फुगलेत का. मागचे ड्रम उघडून घ्या, आतल्या व्हील सिलिंडरच्या (ब्रेक शू ड्रमवर दाबतो तो) रबरी टोप्या बोटाने किंचित उचलल्या की खाली ऑइल साठलंय का दिसतं, गळकं असेल तर ब्रेक शू पण भिजलेले असतात आणि ते धुऊन चालत नाहीत, बदलावेच लागतात. हे सगळं कोरडं असेल तर मास्टर सिलिंडर आणि बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) जिथे जोडलेत त्या सांध्याखाली बघा. तिथे लोक बघतच नाहीत.

नवखाचालक
पेडल कसं तपासायचं?

पाना_पेचकस
इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम जोराने दाबून मिनिटभर तसंच धरा. हळूहळू खाली बसत गेलं तर मास्टर सिलिंडरच्या आत सील दाब सोडतंय किंवा कुठेतरी गळती आहे. स्पंजासारखं लागत असेल तर ऑइलमध्ये हवा शिरलीये. बूस्टरसाठी वेगळं, इंजिन बंद असताना चार-पाच वेळा दाबून पेडल कडक करा, दाबून ठेवा आणि मग स्टार्ट करा, पेडल थोडंसं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय.

रिव्हर्स_गिअर
अवांतर, ऑइल कोणतं टाकायचं? माझ्याकडे डॉट ३ (ब्रेक ऑइलचा प्रकार) ची बाटली आहे, टाकीच्या झाकणावर डॉट ४ लिहिलंय. आणि एकाने डॉट ५ सगळ्यात भारी म्हणून सांगितलं.

चाक_शास्त्री
झाकणावर जे लिहिलंय ते. इथे आकडा मोठा म्हणजे माल भारी असं सरळ गणित नाही. डॉट ३, ४ आणि ५.१ हे ग्लायकॉलवाले, एका कुटुंबातले. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळायचं नाही, एबीएसच्या गाडीत तर नाहीच. ५ आणि ५.१ मध्ये एका टिंबाचा फरक आहे आणि तो टिंब महागात पडतो.
ग्लायकॉलवालं ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ ताजं असताना किमान २०५ अंशाला उकळतं, पाणी शोषल्यावर १४० ला. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. लांब उतारावर सारखा ब्रेक दाबून ठेवला तर कॅलिपरमध्ये तेवढी उष्णता सहज होते. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकतं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदला असं बहुतेक कंपन्यांच्या पुस्तकात असतं आणि कुणीच बदलत नाही. वर्षभर उघडी पडलेली अर्धी बाटली पण वापरू नका, तिने कपाटात बसूनच पाणी प्यालंय.

दुसरा_गिअर
आणि इंजिन ऑइल चुकून पण नको. एका ओळखीच्यांनी टाकलं होतं, "ऑइल ते ऑइल" म्हणून. आतली सगळी रबरं फुगली, पेडल परत येईना, ब्रेक चिकटून बसले. मास्टर, कॅलिपर, व्हील सिलिंडर, होज, सगळं काढावं लागलं.

घाटवळण
मी ट्रक चालवतो. आमच्याकडे ऑइलचा नाही, हवेचा मामला. हवेचा दाब पडला की दिवा आणि बझर दोन्ही, असा ओरडतो की झोपलेला क्लीनर उठून बसतो. आणि हवा पूर्ण गेली तर ब्रेक सुटत नाहीत, उलट लागतात, कारण पार्किंग ब्रेक स्प्रिंगने लागलेला असतो, हवेने धरून सोडवलेला. तुमच्या छोट्या गाड्यांत मात्र एक छोटा दिवा हळूच लागतो आणि तुम्ही लोक त्यावर महिनाभर चर्चा करता.

मागचं_सीट
@घाटवळण, दोन वर्षं कनेक्टर काढून ठेवण्यापेक्षा महिनाभर चर्चा परवडली.

जुगाडू
मी गप्प बसलोय ना आता.

अर्धाक्लच
मी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून बघा असं सांगणार होतो, पण स्वस्तातले स्कॅनर बहुतेक फक्त इंजिनचे कोड वाचतात, एबीएसचे नाही. माझ्या वेळी स्कॅनर म्हणत होता "सर्व ठीक" आणि समोर दिवा पेटलेला. आणि लाल दिव्याचा तर कोड नसतोच बऱ्याच जुन्या गाड्यांत, सरळ स्विच आणि बल्ब.

तेलकट_हात
जुनी गाडी घेणाऱ्या सगळ्यांसाठी. लागलेल्या दिव्याची भीती सगळ्यांना असते. मला न लागणाऱ्या दिव्याची जास्त वाटते. चावी फिरवल्यावर, स्टार्ट करायच्या आधी, ब्रेकचा, एबीएसचा, एअरबॅगचा, ऑइल प्रेशरचा, सगळे दिवे एकदा पेटले पाहिजेत. एक गाडी आली होती, एबीएसचा दिवा पेटतच नव्हता. मीटर उघडलं तर बल्बच्या जागी काळी चिकटपट्टी. दुसऱ्या एका गाडीत तर शेजारच्या दिव्याला जोडून ठेवलेला, म्हणजे चावी फिरवली की पेटायचा आणि स्टार्ट केलं की इमानदारीत विझायचा. विकणाऱ्याने डोकं लावलं होतं, मानलं पाहिजे. ती पट्टी लावायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात सेन्सर साफ झाला असता.

नवखाचालक
(गाडी घेताना मी फक्त स्टिरिओ तपासला होता.)

नवखाचालक
अपडेट. आज सुट्टी होती. चारही चाकं आतून कोरडी. मेकॅनिककडे (फोनवरचा नाही, दुसरा) जाऊन मागचे ड्रम उघडले, धूळ भरपूर, ओलं काही नाही. होज ठीक. पाइप वरवर गंजलेले पण कोरडे. पेडल मिनिटभर धरलं, हललं नाही. मेकॅनिक म्हणाला काही नाही, ऑइल भरतो, जा घरी.
मग पाना_पेचकस यांचं शेवटचं वाक्य आठवलं. मोबाईल मागे घालून फोटो काढला. बूस्टरचा जो काळा गोल डबा आहे त्याच्यावर मास्टर सिलिंडरच्या बरोबर खाली रंग फुगलाय, सापाच्या कातीसारखा सुटलाय. बोट लावलं तर किंचित ओलं.

पाना_पेचकस
सापडला चोर. नट काढून मास्टर सिलिंडर पुढे ओढायला सांगा, मागच्या तोंडातून ऑइल आलेलं दिसेल.

शंकासुर
पण पेडल तर मिनिटभर हललं नाही म्हणतात ते? सील गेलं तर पेडल खाली जायला नको?

पाना_पेचकस
चांगला प्रश्न. मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टनवर पुढे एक सील असतं, दाब तयार करणारं. ते गेलं की पेडल बसतं. त्याच पिस्टनच्या मागच्या टोकाला दुसरं सील असतं, त्याचं काम एवढंच की टाकीतून आलेलं ऑइल मागे बूस्टरमध्ये जाऊ नये. त्याच्यावर ब्रेकचा दाब येतच नाही. म्हणून ते गळलं तरी पेडल कडक, ब्रेक छान, जमीन कोरडी, आणि ऑइल थेंब थेंब बूस्टरच्या पोटात. कधी कधी तर बूस्टरच्या व्हॅक्यूम पाइपमधून इंजिन ते ओढून घेतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, मग लोक इंजिन उघडतात! धागाकर्ते, बूस्टरच्या आत ऑइल साठलंय का ते पण बघायला सांगा, आतला रबरी पडदा त्याने खराब होतो.

चाक_शास्त्री
मेकॅनिकने ड्रम उघडले पण एक फूट वरचं बघितलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी.

तेलकट_हात
जरा मेकॅनिकच्या बाजूने पण बोलतो. ती जागा खरंच दिसत नाही, आरसा लागतो. पण तीन आठवड्यांत ऑइल गेलं हे ऐकून "भरतो, जा घरी" म्हणणं चूकच.

नवखाचालक
मास्टर सिलिंडर बदलला. आत एक-दोन चमचे ऑइल निघालं, बूस्टर पुसून कोरडा केला, पडदा ठीक आहे म्हणे. सगळं ऑइल नवीन डॉट ४, चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढली. जुनं ऑइल उकळलेल्या काढ्याच्या रंगाचं होतं. दहा दिवस झाले, मार्करची खूण जागेवर. दिवा एकदाही लागला नाही, त्याच डाव्या वळणावर मुद्दाम चार वेळा जाऊन आलो. सगळ्यांचे मनापासून आभार.

रिव्हर्स_गिअर
अभिनंदन. आणि माझं पण ऐका, तेलकट_हात यांनी टेन्शन दिलं म्हणून ड्रम उघडले. डावा व्हील सिलिंडर गळत होता. शू भिजून चिंब. मी दोन वर्षं ती बाटली रिचवत होतो.

तेलकट_हात
@रिव्हर्स_गिअर, जोडी बदला, एकच बाजू करू नका. शू पण दोन्हीकडचे.

पाना_पेचकस
नवखाचालक, शाब्बास. एक शेवटची तपासणी राहिली. चावी फिरवा, हँडब्रेक सोडा (गाडी सपाट जागी, गिअरमध्ये), टाकीचं झाकण वायरसकट अलगद वर उचला. झाकणालाच फ्लोट असेल तर तो ऑइलबाहेर आला की खाली पडतो आणि लाल दिवा लागला पाहिजे. लागला म्हणजे पुढच्या वेळी सांगायला तो जागा आहे.

नवखाचालक
नाही लागला.
चावी फिरवल्यावर लागतो, हँडब्रेक ओढला की लागतो. झाकण उचललं तर नाही. फ्लोट हाताने खाली-वर केला, तरी नाही.

पाना_पेचकस
कनेक्टर बघा.

नवखाचालक
मास्टर सिलिंडर बदलताना काढलेलं, परत लावलंच नाही. झाकणाच्या मागे लोंबकळत होतं. आता लावलं, झाकण उचललं की दिवा लागतो, ठेवलं की विझतो. म्हणजे दहा दिवस मी "दिवा लागत नाही" म्हणून खुश होतो ते याचमुळे असू शकतं! नशीब खूण केली होती, ती मात्र खरंच जागेवर आहे.

जुगाडू
मी काही बोलत नाहीये. फक्त एवढंच की माझा उपाय शेवटी एका प्रोफेशनल माणसाने वापरला, याची नोंद घ्यावी.

मागचं_सीट
घेतली. आता तुमचं कनेक्टर लावून या, दोन वर्षं झाली.

जुगाडू
लावलं काल रात्री.
दिवा लागलाय.